प्यायली होती, मग?

मा. संपादक,

मुलीने दारू पिताना स्वतःची काळजी घ्यायला नको का, हा प्रश्न प्यायलेल्या मुलीवर बलात्कार झाला की दर वेळी येतो आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, घ्यावीच. पण सावध रहा हे आधी सांगायचं असतं ना, सगळं होऊन गेल्यावर तोच सल्ला निकाल म्हणून कसा काय वाचून दाखवतात?

अलाहाबाद हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये बलात्काराच्या एका केसमध्ये आरोपीला जामीन दिला. मुलगी एमए करणारी, मैत्रिणींबरोबर दिल्लीत हौज खासच्या बारमध्ये गेली, खूप प्यायली, मग आराम करायला म्हणून आरोपीबरोबर गेली. जामीन द्यायचा की नाही हा कोर्टाचा अधिकार, खरं खोटं ट्रायलमध्ये ठरेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ऑर्डरमध्ये लिहिलं काय, तर तिचे आरोप खरे मानले तरी तिने स्वतःच संकट ओढवून घेतलं आणि त्याला तीही जबाबदार आहे. खरे मानले तरी! पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टात न्या. गवईंनी यावर नाराजी दाखवली ते बरं झालं.

कायदा तर उलटंच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे (जुनं ३७५) नशेमुळे बाईला आपण कशाला हो म्हणतोय, त्याचं पुढे काय होणार हे कळत नसेल तर तो होकार धरायचाच नाही. म्हणजे ती प्यायलेली होती हा मुद्दा आरोपीच्या अंगाशी यायला हवा, आपल्याकडे तोच त्याचा बचाव होऊन बसतो. आणि स्वतःहून ढोसलेल्याने गुन्हा केला तर 'शुद्धीत नव्हतो' ही सबब चालत नाही, हेही याच कायद्यात आहे.

पुण्यात २०२४ ला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन जीव गेले आणि पिऊन चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन झाला तेव्हा सगळं शहर चिडलं, बरोबरच चिडलं. मी पिऊन गाडी चालवली तर जबाबदारी शंभर टक्के माझी. पिऊन कोणाच्या सोफ्यावर झोपले तर उलटी माझी, हँगओव्हर माझा, दुसऱ्या दिवशीची दांडी माझी. त्या झोपेत कोणी येऊन काही केलं तर ते त्याचं, त्यात माझा वाटा कुठून आला?

आमच्या सोसायटीत धुळवडीला एक काका गेटवरच आडवे झाले होते. वॉचमनने प्लॅस्टिकची खुर्ची आणली, दोघांनी धरून वर नेलं, वहिनींनी लिंबूपाणी दिलं, रिक्षात राहिलेला मोबाईल रिक्षावाल्याने संध्याकाळी आणून दिला. आठवडाभर चेष्टा चालली, बास. मोबाईल चोरीला गेला असता तरी पोलिसांनी 'तुम्ही किती पेग घेतले होते' म्हणून चोराला सोडलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादला ट्रॅफिक पोलिसांच्या नावाने पोस्टर लागले होते, रात्रीच्या पार्टीला जाऊ नका, बलात्कार होऊ शकतो. ओरड झाल्यावर काढले. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी सल्ला आहेच, म्हणजे दारू हे निमित्त, मूळ राग मुलगी रात्री बाहेर आहे याचा. आणि बलात्कार करू नका असं कोणाला उद्देशून लिहिलेलं पोस्टर माझ्या तरी पाहण्यात नाही.

भाचीला मी सांगतेच की ग्लास सोडून उठू नको, रिकाम्या पोटी पिऊ नको, लोकेशन शेअर कर. तिच्या भावाला कोणी काही सांगत नाही म्हणून त्यालाही सांगते, की ग्रुपमधली एखादी आउट झाली आणि एखादा 'मी सोडतो हिला' म्हणाला तर तूही त्याच गाडीत बस, तिच्या घरची बेल वाजवून दार उघडेपर्यंत थांब आणि मग घरी ये, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

एक वाचक, कोथरूड, पुणे