‘डेल’ लिहिल्याने लायब्ररी उतरत नाही

महोदय,

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवणाऱ्या सदरांत आणि क्लासच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास असते: काम झाले की ‘डेल’ (del, व्हेरिएबल काढून टाकणारा शब्द) लिहा, मेमरी मोकळी होते. साध्या लिस्टपुरते हे चालून जाते. पण स्क्रिप्टने एखादे अख्खे ॲप्लिकेशनच पोटात घेतले असेल, म्हणजे त्याच्या लायब्ररी (तयार कोडच्या फाइली) मेमरीत लोड केल्या असतील, तर हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो वर्षानुवर्षे तसाच शिकवला जातो, म्हणून हे पत्र.

नकाशांवर काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले क्यूजीआयएस (QGIS) हे सॉफ्टवेअर घ्या. त्याची खिडकी न उघडता ते पायथनमधून चालवता येते. आधी इनिट-क्यूजीआयएस, मग काम, शेवटी एक्झिट-क्यूजीआयएस. या शेवटच्या हाकेने लायब्ररी मेमरीतून गेली असा समज आहे. प्रत्यक्षात ती हाक फक्त प्रोव्हायडरांची (डेटा वाचणाऱ्या भागांची) नोंद आणि प्रोजेक्टमधले लेयर (नकाशाचे थर) आवरते. लिनक्सवर चालू प्रोसेसचा (चालू असलेल्या प्रोग्रामचा) क्रमांक घ्या, ‘प्रॉक’मध्ये (/proc) त्या क्रमांकाच्या फोल्डरातली ‘मॅप्स’ फाइल, म्हणजे मेमरीत काय लोड आहे त्याची यादी, ग्रेप करा (तिच्यात क्यूजीआयएसचे नाव शोधा); कोअर लायब्ररीच्या ओळी जागच्या जागी दिसतील. ‘सिस-मॉड्यूल्स’ या इम्पोर्ट झालेल्या मॉड्यूलांच्या यादीतून नाव काढा, नको असलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर हाताने चालवा, त्या ओळी हलत नाहीत. सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) एकदा लोड केलेले एक्स्टेन्शन मॉड्यूल (सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले) प्रोसेस संपेपर्यंत उतरवतच नाही.

याहून जास्त त्रास क्रमाचा होतो. लेयर धरून ठेवणारे व्हेरिएबल स्क्रिप्टमध्ये ग्लोबल असले, तर एक्झिट-क्यूजीआयएस आधी आवराआवर करते आणि पायथन त्या लेयरला नंतर हात लावते. मग अगदी शेवटच्या क्षणी सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याने प्रोसेस कोसळते. आउटपुट फाइल व्यवस्थित तयार झालेली असते, पण शेलला एक्झिट कोड १३९ मिळतो (१२८ अधिक सिग्नल ११) आणि पुढची साखळी थांबते. उपाय सोपा आहे: सगळे काम एका फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे लोकल व्हेरिएबल्स फंक्शनबरोबरच जातील, आणि ते परतल्यावरच एक्झिट-क्यूजीआयएस बोलवा.

‘सीटाइप्स’ने (सी-लायब्ररी पायथनमधून बोलावणाऱ्या मॉड्यूलने) स्वतः लोड केलेली लायब्ररी मात्र हँडल (तिची ओळख सांगणारा आकडा) देऊन उतरवता येते: लिनक्सवर ‘डीएलक्लोज’, विंडोजवर ‘फ्री-लायब्ररी’. ६४ बिट विंडोजवर कर्नल-३२ या विंडोजच्या मूळ लायब्ररीमधून फ्री-लायब्ररी बोलावताना आर्ग्युमेंटचा प्रकार ‘एच-मॉड्यूल’ असा आधी सांगावाच लागतो. नाही सांगितला, तर पायथन हँडलला ३२ बिटांचा आकडा समजते आणि ओव्हरफ्लोची चूक येते. शिवाय या दोन्ही हाका लायब्ररी किती वेळा लोड झाली याची मोजणी फक्त एकाने कमी करतात. दोनदा लोड केलेली लायब्ररी एकदा सोडून जात नाही. अल्पाइन लिनक्समधल्या ‘मसल’ सी-लायब्ररीत तर डीएलक्लोज काहीच उतरवत नाही. ‘जीलिबसी’ या दुसऱ्या सी-लायब्ररीवर सी++ मधले ‘युनिक’ सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलांची नावे) लायब्ररीला प्रोसेस संपेपर्यंत खिळवून ठेवू शकतात.

आणि मोजणी शून्यावर आली म्हणजे धोका टळला, असे नाही. लायब्ररीने सुरू केलेला थ्रेड (प्रोसेसमध्येच समांतर चालणारे काम) अजून चालू असेल, किंवा तिचा कॉलबॅक (नंतर बोलावायचे फंक्शन) कुठे नोंदवलेला राहिला असेल, तर पुढची हाक रिकाम्या पत्त्यावर जाते आणि प्रोसेस कोसळते. हा दोष पकडायला फार कठीण, कारण कोसळण्याची जागा चुकीच्या जागेपासून लांब असते.

म्हणून शिकवायचेच असेल तर हे शिकवावे: लायब्ररी उतरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ती ज्या प्रोसेसमध्ये आहे, ती प्रोसेसच संपवणे. मुख्य स्क्रिप्टमध्ये क्यूजीआयएस इम्पोर्ट करूच नका. इम्पोर्ट चाइल्ड प्रोसेसच्या (मुख्य, म्हणजे पालक प्रोसेसने सुरू केलेल्या ‘मुला’च्या) फंक्शनमध्ये ठेवा. अशा प्रोसेस सुरू करणाऱ्या ‘मल्टिप्रोसेसिंग’ मॉड्यूलला ‘स्पॉन’ (मूल कोरे सुरू करणारी) पद्धत स्पष्ट सांगा. लिनक्सवर ‘फोर्क’ (पालकाची नक्कल करून मूल बनवणारी) हीच पद्धत आपोआप लागू होत असे, पायथन ३.१४ मध्ये ते बदलले, पण जुन्या आवृत्त्या अजून सर्रास चालतात. फोर्कमध्ये पालक प्रोसेसची कुलपे (लॉक) मुलाकडे येतात, ती उघडणारे थ्रेड येत नाहीत, आणि मूल कायमचे अडकू शकते. स्पॉनमध्ये मुख्य फाइल पुन्हा इम्पोर्ट होते, तेव्हा ‘नेम’ची किंमत ‘मेन’ आहे का (__name__ == '__main__') ही तपासणी विसरू नये.

मुलाला फाइलचा मार्ग द्या, लेयर नको. लेयर पिकल होत नाही, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवण्याजोग्या रूपात बदलता येत नाही. पूलमध्ये (मुलांच्या गटात) ‘मॅक्स-टास्क्स-पर-चाइल्ड’, म्हणजे एका मुलाने किती कामे करून संपायचे तो आकडा, १ ठेवला तरी कामे वाटणारे ‘मॅप’ कामांचे गठ्ठे करते आणि अख्खा गठ्ठा एकच काम धरला जातो. त्यामुळे ‘चंक-साइझ’ (गठ्ठ्याचा आकार) सुद्धा १ लागतो. दर वेळी क्यूजीआयएस नव्याने सुरू होण्यात वेळ जातो, हे खरे. फाइली लहान आणि पुष्कळ असतील, तर एका मुलाला १०-२० फाइलींची यादी एकत्र द्यावी.

मूल संपल्यावर पालक प्रोसेसची ‘मॅप्स’ फाइल पुन्हा ग्रेप करून पाहावी. तिथे क्यूजीआयएसची एकही ओळ असता कामा नये. असली, तर मुख्य फाइलच्या माथ्यावर कुठे तरी इम्पोर्ट राहिला आहे.

— एक वाचक, पुणे