बाबा, त्या सहीबद्दल

पुणे,
८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरही बोलले असते, पण या विषयावर बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. आई, हे तू वाचून दाखव. ऑपरेशनला अजून महिनाही झाला नाही, बाबांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही. दुपारचे थेंब घालून झाले की बाहेरच्या कॉटवर बसून सावकाश वाच. मधेच रडू नकोस, नाहीतर ते उठून गोठ्यात जातील.

बाबा, दिवाळीत पेन्शनचे कागद म्हणून मी तुमच्या चार सह्या घेतल्या. त्यातले तीन कागद पेन्शनचे होते. चौथा तुमच्या रेकॉर्डच्या दुरुस्तीचा अर्ज होता. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, ही एकाहत्तरच्या लढाईची दोन पदकं तुमच्या नावावर चढवावीत एवढंच त्यात मागितलं आहे. गेल्या सोमवारी तो स्पीड पोस्टानं रवाना केला. तुम्ही वाचलं नाहीत, कारण मुलगी पुढे करतेय म्हटल्यावर तुम्ही कधीच वाचत नाही. त्या विश्वासाचा मी फायदा घेतला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. आधी हे कबूल करते, मग बाकीचं सांगते.

तुम्ही नको म्हणाला होतात, मला आठवतं. "जे परत आले नाहीत त्यांनी कुठं अर्ज केला?" एवढंच बोलून तुम्ही पानावरून उठलात. त्यानंतर वर्षभर मी गप्प राहिले. पण त्याआधी माहितीच्या अधिकारात तुमच्या शीट रोलची, म्हणजे फौजेतल्या सेवेच्या नोंदींची, नक्कल मागवली होती, तेव्हा "बघायला काय हरकत आहे" असं तुम्हीच म्हणाला होतात. ती नक्कल आली आणि मला घरात धड बसवेना.

त्यात भरतीची तारीख बरोबर आहे. लग्नाची नोंद आहे, दादाची आहे, माझीही आहे, पार्ट टू ऑर्डरच्या, म्हणजे नोंदीसाठी युनिट काढतं त्या हुकमाच्या, नंबरासकट. ड्रायव्हिंगची परीक्षा, बढती, १९८४ चा डिस्चार्ज, सगळं आहे. पदकांच्या रकान्यात सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल आहे. नोव्हेंबर १९७१ ते फेब्रुवारी १९७२ मात्र कोरं. एक ओळ नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला तुम्ही फौजेत होता हे सरकारला मान्य, म्हणून तर ते २५ व्या वर्षाचं मेडल. मग त्याच्या आठच महिने आधी, ३ डिसेंबरला लढाई पेटली तेव्हा तुम्ही कुठे होता? कागदाप्रमाणे कुठेच नाही.

असं का झालं, ते मी दोन जाणत्या लोकांकडून समजून घेतलं. तुम्हाला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरतं, दुसऱ्या युनिटकडे धाडलं होतं, बरोबर ना? पदकांसाठी नावं युनिटवार कळवली जातात. तुमच्या युनिटनं धरलं की हा माणूस आता तिकडे आहे, त्याचं नाव तेच देतील. तिकडच्यांनी धरलं की हा आपला नाहीच. लढाई संपली, माणसं पांगली आणि तुमच्या अटॅचमेंटची ऑर्डर शीट रोलवर चढलीच नाही. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण पन्नास वर्षांत कुणी दुरुस्तही केलं नाही. तुम्ही १९८६ साली एक पोस्टकार्ड टाकलं होतं आणि "नोंद आढळत नाही" असं उत्तर आलं होतं, हे आईनं मला यंदा सांगितलं. तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

दादाचा आधी गैरसमज झाला. मेडल हरवलं की पैसे भरून दुसरं मिळतं, तसंच हे असेल असं त्याला वाटलं. मग म्हणाला, कॅम्पात वर्दीचं सामान मिळतं तिथून एक घेऊ, बाबांच्या कोटाला लावू, काय फरक पडतो? त्याच्या मनात प्रेमच होतं बाबा, त्याला बोलू नका. पण विकत आणलेलं तुम्ही हातात धरणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि मलाही ते नको होतं. या पदकांबरोबर एक रुपयाही येत नाही, पेन्शनमध्ये काही वाढत नाही. मला ती कोरी जागा भरलेली हवी आहे.

२०२१ च्या १६ डिसेंबरचं मी कधी बोलले नाही. विजयाला पन्नास वर्षं झाली म्हणून सत्कार होता. तुम्ही कोट घातलात, दादानं बूट चमकवले. तिथे यादी वाचली आणि तुमचं नाव त्यात नव्हतं. तुम्ही मागच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसलात, सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्यात, घरी आलात आणि कोट काढून सरळ गाईची धार काढायला गेलात. मी दाराआडून बघत होते. तुमची पाठ बघून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता पुरावा. आई, तुझा पत्र्याचा डबा मीच नेला आहे. माळ्यावर शोधत चढू नकोस, तुला माझी शपथ आहे. त्यातली दोन निळी अंतर्देशीय पत्रं उपयोगाची निघाली, मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ५६ ए.पी.ओ. आहे. पश्चिमेकडच्या फौजेच्या टपालाला तो पत्ता असे, पूर्वेकडे ९९ ए.पी.ओ. जागेचं नाव पत्रात कुठेच नाही, ते लिहायची मुभाच नव्हती. पण एकावर पोस्टाच्या शिक्क्यातली डिसेंबर १९७१ ची तारीख अजून वाचता येते. आतला मजकूर मी वाचला नाही. खरं सांगायचं तर दोन ओळी वाचल्या, मग घडी घातली. ती पत्रं तुझी आहेत. अर्जाला फक्त पत्त्याच्या बाजूची झेरॉक्स जोडली आहे, मूळ पत्रं माझ्या कपाटात कुलपात आहेत.

दुसरा पुरावा लुधियानाच्या काकांचा. दर १६ डिसेंबरला त्यांचा फोन येतो, तुम्ही दोघं पाच मिनिटं नुसते एकमेकांची तब्येत विचारता. मी त्यांना फोन केला. ते ऐंशीचे आहेत, चालता येत नाही, पण नातवाला घेऊन प्रतिज्ञापत्र करायला गेले. त्यांचा स्वतःचा पश्चिमी स्टार नोंदीवर आहे, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी लिहून दिलंय की शकरगढच्या बाजूला, बसंतर नाल्याच्या अलीकडे, तुम्ही त्यांच्याबरोबर तीनटनी ट्रक चालवत होता. सॅपर, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर लोकांनी सुरुंगांतून वाट काढली होती आणि दोन्ही कडांना पांढरी फीत लावली होती. त्या फितींच्या मधून, दिवे बंद ठेवून, रात्री दारूगोळा पुढे न्यायचा. तुमच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पुढची गाडी फितीबाहेर गेली.

पुढच्या गाडीबद्दल मी काही विचारणार नाही, बाबा. आज नाही आणि कधीच नाही.

पण ते वाचलं आणि मला आपली यष्टीच्या फाट्यापासून घरापर्यंतची वाट आठवली. शेवटची गाडी रात्री नऊला यायची. दादा शेजारून चालायला लागला की तुम्ही त्याला खसकन मागे ओढायचा. "माझ्या मागनं या. माझं पाऊल पडलं तिथंच पाऊल टाका." आम्हाला वाटायचं सापाकिरड्याची भीती असेल. मी तुमच्या चपलांकडे बघत उड्या मारत यायचे, कारण तुमची ढांग लांब आणि माझी केवढीशी. मग तुम्ही मुद्दाम पावलं आखूड टाकायला लागलात. बांधाच्या कडेला तुम्ही आम्हाला एकदाही चालू दिलं नाहीत. मला आता एकोणपन्नासाव्या वर्षी कळतंय, आणि कळल्यापासून तुम्हाला एकदा येऊन घट्ट धरावंसं वाटतंय. तुम्हाला ते आवडत नाही. तरी धरणार आहे.

तुमच्या खांद्याच्या जखमेचं मी अर्जात घातलेलं नाही. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी १९७३ मध्ये निराळं पदक निघालं, आता त्याला पराक्रम पदक म्हणतात, आणि ते १९४७ पासूनच्या जखमांनाही लागू आहे. काकांनी त्यांच्या कागदात त्या रात्रीच्या तुमच्या खांद्याचा उल्लेख केला होता, मी विनंती करून तो काढायला लावला. त्यासाठी दवाखान्याचे कागद लागतील, तुम्हाला शर्ट काढून अनोळखी लोकांपुढे उभं राहावं लागेल, आणि ते मला नको. तुम्हाला कधी वाटलं तर बघू.

पुढे काय होईल तेही सांगते, म्हणजे मनाला घोर नको. अर्जाला वेळ लागेल. नकार आलाच तर वर, सैन्याच्या मुख्यालयाकडे अपील करता येतं. तिथेही जमलं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्यानं ते झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. फौजीनं आधी खात्यातले दरवाजे ठोठावावेत, मगच तिथे यावं असा नियम आहे, म्हणून मी घाई न करता एकेक पायरी चढतेय. तुम्हाला कुठेही जायचं नाही, कुणापुढे हात जोडायचे नाहीत. जे करायचं ते मी आणि दादा करू.

आणि तरीही नको वाटलं, तर मला फक्त "नको" म्हणा. एका ओळीच्या पत्रानं अर्ज मागे घेता येतो, मी त्याच दिवशी घेईन. यावेळी कागद तुम्हाला पूर्ण वाचून दाखवेन आणि मगच सही घेईन. रागवायचं असेल तर रागवा, पण जेवण सोडायचं नाही. जे परत आले नाहीत त्यांच्या नावापुढे तो डिसेंबर लिहिलेला आहे, बाबा. त्यांच्या मागून गाडी घेऊन जो तीनदा गेला, त्याच्या नावापुढे तो असला तर त्यांचं काही कमी होईल असं मला नाही वाटत. तुमचं मन मी जाणत नाही असं समजू नका. पण माझंही मन आहे.

आता घरचं. न्हाणीत भिंतीला धरायची दांडी बसवायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिलेले आहेत, त्याला परत पाठवू नका. गिझर चालू करताना पायात चप्पल हवी. बाबांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धार काढायला पुढचे पंधरा दिवस शेजारचा मुलगा येईल, माझं बोलणं झालं आहे. तुम्ही नुसतं बाजूला उभं राहून त्याला सांगा, हात लावायचा नाही. आई, सकाळची बीपीची गोळी चहाच्या आधी की नंतर हा वाद बंद करा, डॉक्टरांनी नाश्त्यानंतर सांगितली आहे. ई.सी.एच.एस.च्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याची पुढची तारीख २२ आहे, गाडी घेऊन दादा येईल. महिन्याच्या गोळ्या एकदमच आणा. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही, आई.

१६ तारखेला मी सकाळच्या गाडीनं येतेय. कुठल्या कार्यक्रमाला जायचं नाही. लुधियानाहून फोन येईल तेव्हा मी तुमच्या जवळ बसेन, तुम्ही दोघं बोला.

एक राहिलं. अर्जाची पोच किंवा काही उत्तर गावच्या पत्त्यावर येईल. पोस्टमनला "आमचं नाही" म्हणून परत पाठवू नका, बाबा. सही करून घ्या आणि न फोडता देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवा. आपण मिळून उघडू.

तुमची,
बेबी

ता. क. आई, डब्यात पत्रांच्या खाली मनिऑर्डरचं एक कुपन निघालं, जानेवारी १९७२ चं, चाळीस रुपयांचं. त्यावर बाबांनी फक्त "ठीक आहे" एवढंच लिहिलंय. ते मी अर्जाला लावलं नाही. येताना घेऊन येते.