ऑटिझमचे प्रशिक्षण व्याख्यानांपुरते नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आहे, मेयो हे दुसरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानला एम्स आहे आणि ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचाराची) पदवीही इथेच मिळते. नाही तो पदवीनंतरचा वर्षभराचा अभ्यासक्रम, ज्यात वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच मुलाकडे एकत्र बघायला शिकतील. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आणि मेडिकलने तो मिळून काढावा.

पदवीत प्रत्येकाला आपापला तुकडा शिकवतात. अडते ते प्रत्यक्ष कामात. न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्ड देऊन वस्तू मागायला शिकवणे हेच घ्या. सुरुवातीला दोन माणसे लागतात. समोरचा बिस्कीट धरून गप्प बसतो, मागचा मुलाचा हात कार्डापर्यंत आणि तिथून समोरच्याच्या तळहातापर्यंत नेतो आणि मग ही मदत हळूहळू कमी करत जातो. बहुतेक ठिकाणी समोरचाच आधी विचारतो, “काय पाहिजे?” मग मूल प्रश्नाची वाट बघायला शिकते, स्वतःहून मागत नाही. त्यात कार्डे कपाटात कुलूपबंद! ही चूक पुस्तकात सापडत नाही, दहा मिनिटांचे चित्रीकरण मार्गदर्शकासोबत बसून पाहिले की लगेच दिसते.

वर्तनाच्या नोंदींचेही तसेच. “चिडचिड करतो” ही नोंद कुचकामी. किती वाजता, कुठे, अगदी आधी काय झाले, किती वेळ चालले, नंतर मोठ्यांनी काय केले, हे निदान दोन आठवडे लिहावे लागते. मूल अचानक डोके आपटू लागले तर आधी कान, दात, बद्धकोष्ठता आणि झोप तपासायची, वर्तन-योजना त्यानंतर.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या, स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत, म्हणजे ‘इसा’मध्ये, ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पालकांशी बोलणे आणि मुलाचे निरीक्षण, दोन्ही करायचे असते. नुसते आईला विचारून रकाने भरले की ७० गुणांच्या, म्हणजे निदानाच्या सीमारेषेच्या, आसपासचे मूल चुकीच्या बाजूला जाऊ शकते.

घरी मराठी किंवा हिंदी आणि शाळेत इंग्रजी, हे इथले नेहमीचेच. तरी “घरी एकच भाषा बोला” असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते याला आधार नाही. आजीशी बोलणे मात्र तुटते.

म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडे वर्षभर चार जण असावेत: तीन वर्षांखालील मूल, न बोलणारा शाळकरी मुलगा, चांगली बोलणारी (म्हणूनच निदानातून सुटणारी) मुलगी आणि एक प्रौढ. प्रौढांचा विचार तर आपल्याकडे जवळपास नाहीच. तुकडी बारा प्रशिक्षणार्थींची, चार प्रशिक्षणार्थींमागे एक मार्गदर्शक. स्वमग्न प्रौढांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे, सत्काराला नव्हे.

प्रवेश मूळ पदवी आणि आपापल्या परिषदेची नोंदणी असलेल्यांनाच द्यावा. नाहीतर या अभ्यासक्रमाचेच प्रमाणपत्र भिंतीवर लावून उद्या कोणीही केंद्र उघडेल. वर्ग शनिवार-रविवारी, बाकी देखरेख चित्रीकरणावरून ठेवली तर गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांनाही नोकरी सांभाळून करता येईल.

आपले,
दिव्यांग पुनर्वसन क्षेत्रातील काही थेरपिस्ट व विशेष शिक्षक, नागपूर