गृहमंत्री साहेब, एफआयआरमधून आमची जात कोणी काढली?

मा. गृहमंत्री साहेब, सप्रेम जय भीम.

काल सकाळी पोलीस स्टेशनमधून फोन आला, "ताई, मिटवून टाका ना, गावातलं गावात राहू द्या." माझ्या भावावरच्या हल्ल्याच्या केसचा आज 97 वा दिवस आहे साहेब. अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत 60 दिवसांत चार्जशीट दाखल करायची आणि उशीर झाला तर कारण लेखी द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. चार्जशीट नाही, लेखी कारण नाही, फोन मात्र आला आणि तोही तपास करणाऱ्यांकडूनच.

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीच्या टाकीवर निळा जय भीमचा स्टिकर होता, एवढंच कारण. चौकात गाडी लावली म्हणून चार पोरं आली, आधी चावीनं तो स्टिकर खरवडला, मग जातीवरून घाण शिव्या आणि मग लोखंडी गज. उजवा हात मोडला. मी पोचले तेव्हा तो गाडीशेजारी खाली बसला होता आणि डाव्या हातानं टाकीवरचे निळे तुकडे परत चिकटवायला बघत होता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझ्या ओढणीत हात बांधून आम्ही संध्याकाळी 7 ला स्टेशनला गेलो, रात्री 2 वाजता एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन बाहेर पडलो. हाड मोडलंय साहेब, हाड मोडलं की गंभीर दुखापत होते आणि ती दखलपात्र असते, म्हणजे एफआयआर घ्यावाच लागतो, हे मला एका वकील दादांनी फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, तुमच्या ठाणे अंमलदाराला सात तासांत समजलं नाही. उलट आम्हालाच विचारतात, शिवी दिली तर ऐकली कुणी, साक्षीदार आणा, जातीचा दाखला आणा. एसपी ऑफिसच्या पायऱ्या चढलो तेव्हा कुठं चौथ्या दिवशी एफआयआर झाला. सही घ्यायच्या आधी वाचून दाखवायचा असा नियम आहे, तो कुणी पाळला नाही. घरी येऊन वाचला तर वर अॅट्रॉसिटीचं कलम आहे पण खाली हकीकतीत "गाडी पार्किंगच्या किरकोळ कारणावरून वाद". ना शिव्या, ना स्टिकर. त्या एका ओळीवर चौघांना अटकपूर्व जामीन मिळाला, ज्या कायद्यात अटकपूर्व द्यायचाच नाही असं कलम 18 म्हणतं. आणि आठवड्यात माझ्या भावावर पाकीट हिसकावल्याची क्रॉस केस, म्हणजे आमच्यावरच उलटी केस! मोडलेल्या हातानं!

तपास डीवायएसपीच्या खाली कुणी करायचा नाही असा नियम आहे, म्हणून डीवायएसपी साहेब आले एकदा. पंचनामा कुठं केला तर आरोपीच्याच ओट्यावर बसून, आणि आई आमच्या दारातून ते बघत होती.

गुन्ह्यातला द्वेष पहिल्या रात्रीच, स्टेशनच्या टेबलावरच काढून टाकला जातो. कधी बांधाचा वाद म्हणायचं, कधी पार्किंगचा, कधी प्रेमप्रकरणाचा. खैरलांजीत 2006 ला एका घरातले चार जीव गेले, शिक्षा झाली पण कोर्टात अॅट्रॉसिटी टिकली नाही. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात 2014 ला 17 वर्षांचं पोरगं मारलं, साक्षीदार फुटले आणि 2017 ला आरोपी निर्दोष सुटले. हे कुठून सुरू होतं? त्या पहिल्या कागदापासूनच.

देशाचा हिशोबही तसाच आहे. 2022 मध्ये अनुसूचित जातींवरचे 57 हजारांवर गुन्हे एनसीआरबीनंच, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनंच नोंदवलेत, आणि हे फक्त नोंदवलेले, आमच्यासारखे पहिल्या रात्री एनसी घेऊन घरी गेलेले किती ते कोण मोजणार? हेट क्राईम आणि मॉब लिंचिंगची वेगळी आकडेवारी 2017 ला गोळा केली आणि विश्वासार्ह नाही म्हणून बंद केली, असं केंद्रानंच संसदेत सांगितलं. मोजायचंच नाही आणि मग म्हणायचं तुरळक घटना आहेत! कायदे कमी आहेत का? 1989 चा हा अॅट्रॉसिटी कायदा आहे, 2018 ला एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही असं सांगणारं कलम 18अ आलं, 2024 पासून जातीच्या कारणावरून जमावानं जीव घेतला तर फाशी-जन्मठेपेचं कलम आहे, अत्याचाराची तक्रार करायला 14566 हेल्पलाईन आहे. या कायद्यावर देखरेख ठेवायला मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जानेवारी आणि जुलैत बैठक घ्यायची, कलेक्टरनं दर तीन महिन्यांनी. या बैठकांत आमच्यासारख्या 60 दिवस उलटलेल्या केसेसची यादी कुणी वाचतं का हो?

शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाखाची सरकारी मदत आहे, त्यातली 25 टक्के एफआयआर झाल्यावर मिळायची असते, ती अजून आलेली नाही. भावाच्या हातात प्लेट आहे आणि त्याला गाडी चालवता येत नाही, घर माझ्या शिलाईवर चाललंय. पण मी पैशासाठी लिहीत नाहीये. पुरवणी जबाब घ्या आणि त्यात शिव्या आणि स्टिकर आमच्या शब्दांत लिहा. खोटी क्रॉस केस तपासा. ज्यांनी कर्तव्यात कसूर केली त्यांना कलम 4 लावा, सहा महिने ते एक वर्षाची शिक्षा आहे त्यात, आजवर किती जणांना लावलंत ते पण सांगा.

आणि त्या स्टेशनला कळवा की परत फोन करू नका, आम्ही मिटवणार नाही.

एक बहीण