गुलाल झाला, आता सभेत काय ठरते ते छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

21 डिसेंबर 2025 ला नगरपरिषदांचा निकाल लागला तेव्हापासून तुमचा पेपर रोज पहिल्या पानापासून वाचून राहिलो आहे. राज्यात 288 नगरपरिषदा-नगरपंचायतींची निवडणूक झाली, भाजप एक नंबरवर, महायुतीचे मिळून दोनशेच्या वर नगराध्यक्ष, आपल्या विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात मात्र काँग्रेस पुढे गेली, हे सगळं आलं आणि ते यायलाच पाहिजे. पण आमच्यासारख्या लहान, क वर्ग नगरपरिषदेच्या गावाची बातमी चार ओळीत संपली. नगराध्यक्ष या पक्षाचा, नगरसेवक एवढे त्या पक्षाचे, बस. आणि त्या चार ओळी धरून टीव्हीवरचे लोक सांगून राहिले की ग्रामीण मतदारानं अमुक नेत्यावर विश्वास टाकला. साहेब, इथलं मतदान डोळ्यानं पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे एकेकाला तीन मतं होती. एक नगराध्यक्षाचं आणि दोन प्रभागातल्या दोन नगरसेवकांची. आता घराघरात विचारून पाहा, नगराध्यक्ष एका पक्षाचा, पहिला नगरसेवक दुसऱ्या पक्षाचा, दुसरी जागा अपक्षाला असं मतदान किती जणांनी केलं ते कळेल. कारण लोकांचा हिशोब वेगळा होता. हा पाण्यासाठी नगरपरिषदेत भांडते, तो रात्री-बेरात्री पेशंट घेऊन यवतमाळला जाते, ती बाई बचत गटाच्या कामात खरी आहे. आमच्या गल्लीतली म्हातारी आजी मतदान करून आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "तीन मतं देल्ली, तिघायलेही पाणीच मांगतलं." एवढं साफ कारण मला कोणत्याच चॅनलवर ऐकायला मिळालं नाही. नगराध्यक्ष एकाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं आमच्याकडे झालं, बाकीच्याही बऱ्याच गावात झालं, त्याला पेपरवाले त्रिशंकू म्हणतात, खिचडी म्हणतात, पण लोकांनी ते समजून-उमजून केलेलं आहे, एकाच्या हाती सगळं द्यायचं नाही हे ठरवून.

आणि हे लोक किती वर्षांनी बोलले ते पण लक्षात घ्या. आमच्या जिल्ह्यात या आधीची नगरपरिषदेची निवडणूक 27 नोव्हेंबर 2016 ला झाली होती, नोटाबंदी होऊन महिना पण झाला नव्हता, लोक बँकेच्या लाईनीतून उठून मतदानाच्या लाईनीत लागले होते. त्या बॉडीची मुदत पाच वर्षांत संपली. त्याच्यानंतर ओबीसी आरक्षणाचा विषय कोर्टात, 4 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो आपल्याच वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्हा परिषदांच्या जागांवरून आला, मग आरक्षणासाठी आयोग, मग प्रभाग रचना, मग ती बदलली, मग परत कोर्ट, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्याच म्हटलं तेव्हा कुठं हललं. आरक्षण मिळायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझं दुसरं मत नाही. पण चार वर्षाच्या जवळपास आमच्या गावावर प्रशासक होता. प्रशासक म्हणजे कुठं मुख्याधिकारी, कुठं एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेब, आणि ठराव लिहिणारे तेच, मंजूर करणारे तेच. नाली कुठं खोदायची, घरटॅक्स किती वाढवायचा, कोणतं टेंडर काढायचं याच्यावर हात वर करून "मला मान्य नाही" म्हणणारा एक पण माणूस सभागृहात नव्हता. नळ पाच दिवसाआड झाला तेव्हा आम्ही कोणाकडे जायचं? साहेबाकडे निवेदन द्या, रिसिव्हड कॉपी घ्या आणि घरी ठेवा. 2017 मध्ये अठरा वर्षांचे झालेले पोरं पोरी आता सव्वीसचे झाले आणि त्यांनी गावासाठी पहिलं मत आता दिलं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

2 डिसेंबरचा दिवस सांगतो. मंगळवार होता, मतदान सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. सुट्टी जाहीर होती पण कापूस वेचणीवाल्या बायांना सुट्टी कोण देते, वेचणी किलोवर असते, गेलं नाही तर त्या दिवशीचा पैसा नाही, आणि यंदा पावसानं सोयाबीनचं जे झालं त्याच्यानंतर एक रोज पाडणं कोणाला परवडत नाही. तर ह्या बाया सकाळी ऑटोत भरून शेतात गेल्या. मी पाचच्या सुमारास आमच्या शाळेच्या गेटवर होतो. एक ऑटो येऊन थांबला, सात-आठ बाया उतरल्या, कमरेची ओटी तशीच बांधलेली, डोक्याच्या रुमालाला कापूस चिकटलेला, हाताची बोटं बोंडानं चिरलेली. एकीनं पदरातून आधार कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं. आत मशीनसमोर दोघींनी पहिलंच बटन दाबलं आणि निघाल्या, तर मतदान अधिकारी मॅडमनी आवाज देऊन सांगितलं की बाई अजून दोन राहिले. परत गेल्या, परत दाबलं. साडेपाचच्या आत जे गेटच्या आत होते त्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू दिलं, ते नियमानं बरोबर केलं. पण मागचा दुसरा ऑटो पावणेसहाला आला, त्यातल्या सगळ्या बाया राहिल्या. एकमेकीकडे पाहून त्या तशाच घरी गेल्या, काही बोलल्या नाही. ऐन वेचणीच्या दिवसात निवडणूक ठेवायची तर निदान मतदानाची वेळ तरी वाढवायला पाहिजे होती, आणि हा मुद्दा कोणत्याच पक्षानं उचलला नाही, विदर्भातल्या नेत्यांनी पण नाही.

मतदान झालं तर 3 तारखेला मोजणी होती, ती पण झाली नाही. यवतमाळ, देवळी, घुग्घुस, बाळापूर अशा काही ठिकाणचं मतदान उमेदवारी अर्जांच्या वादामुळे 20 डिसेंबरवर गेलं आणि नागपूर खंडपीठानं सांगितलं की सगळ्यांचा निकाल एकदम 21 ला लावा. एका गावाच्या निकालाचा दुसऱ्या गावावर परिणाम नको, हे समजण्यासारखं आहे. पण अर्जांची ही भानगड राज्य निवडणूक आयोगानं आधीच निस्तरली असती तर एकोणीस दिवस मशिनी स्ट्राँग रूममध्ये ठेवायची वेळ आली नसती. थंडीत सगळ्या पक्षाचे पोरं बाहेर शेकोटी करून रात्रभर पहारा देत बसले. या मशीनला मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी पण नव्हती, त्यामुळे लोकांच्या मनात शंका आली तर ती दूर करायची कशी? मी मशीनवर आरोप करत नाही, एवढंच म्हणतो की माणसाचा विश्वास टिकवायचा असेल तर त्याला वाट पाहायला लावू नये.

पैशाबद्दल पण लिहितोच, सगळे गप्प बसतात म्हणून. आदल्या रात्री पाकिटं फिरली. कोणत्या पक्षाची म्हणाल तर एकाच पक्षाची नाही. पण काही प्रभागात जास्त वाटणारे पडले आणि घरोघरी पायी फिरलेला माणूस निवडून आला, हे सुद्धा त्याच निकालात आहे आणि ते कोणी छापलं नाही.

आता पुढचं, ज्याच्यासाठी खरं हे पत्र आहे.

आमच्याकडे निवडून आलेल्यांत अर्ध्या बाया आहेत. पहिल्याच आठवड्यात अभिनंदनाचे बॅनर लागले त्यात नवऱ्याचा फोटो मोठा आणि निवडून आलेल्या ताईंचा कोपऱ्यात. ताईंना माझं हात जोडून सांगणं आहे की सभेत तुम्ही स्वतः बसा, स्वतः बोला, भाऊंना गेटच्या बाहेर थांबू द्या. बोरवर हंडे घेऊन कोण उभं राहते ते तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं भाऊंना नाही.

दुसरं, स्वीकृत नगरसेवक, म्हणजे लोकांच्या मतदानाशिवाय घेतलेले. डॉक्टर, इंजिनियर, वकील, रिटायर्ड हेडमास्तर असे जाणकार लोक नगरपरिषदेला मिळावेत म्हणून ही जागा आहे. आणि आमच्या गावात आत्ताच चर्चा चालू आहे की पडलेल्या अमक्याला स्वीकृत करायचं. ज्याला लोकांनी नको म्हटलं त्याला मागच्या दारानं आणून बसवायचं तर त्या कापूसवाल्या बायांच्या मताची काय किंमत राहिली? सगळ्याच पक्षांना सांगतो, हे करू नका. आमच्या गावात पाणीपुरवठ्यात हयात घातलेले रिटायर्ड लोक आहेत, त्यांना घ्या.

तिसरं तुमच्या पेपरला. साहेब, निकालाच्या दिवशी तुम्ही रंगीत पुरवणी काढली, जाहिराती भरपूर आल्या, चांगलं झालं. आता एक काम करा. तालुक्याच्या पानावर प्रत्येक नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची बातमी द्या, विषयपत्रिका काय होती, कोणता ठराव आला, कोणी बाजूनं हात वर केला, कोणी विरोधात, कोण आलंच नाही. नगराध्यक्ष एकीकडे आणि बहुमत दुसरीकडे असल्यावर उपाध्यक्ष आणि विषय समित्यांच्या वेळेस ओढाताण होणारच, पाणीपुरवठा समिती कोणाकडे यावरून दोन महिने भांडत बसले तर उन्हाळा तोंडावर येईल. मार्चच्या आत बजेट बसेल, त्यात पाण्याच्या पाईपलाईनला किती आणि कमानी-सुशोभीकरणाला किती हे आकडे छापा. खेड्यात ग्रामसभा तरी असते, तिथं उठून विचारता येते, आम्ही नगरपरिषदेचे झालो आणि ते गेलं. त्यामुळे सभागृहात मागं चार खुर्च्या लावून नागरिकांना बसून ऐकू द्या ही पण मागणी आहे, ती मी नवीन नगराध्यक्षांना लेखी देतो आहे.

आणखी एक, प्रभागनिहाय मतांचे पूर्ण आकडे, नोटासकट, एकदा तरी छापा. कोण किती मतांनी आलं, नोटाला किती गेले, हे पाहायला आम्हाला तहसीलच्या चकरा माराव्या लागू नये. आमच्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना या पत्राची झेरॉक्स मी देणार आहे. तुम्ही छापलं तर पेपरचं कात्रण देईन, नाही छापलं तरी झेरॉक्स जाईलच.

आपला नियमित वाचक,
एक मतदार, यवतमाळ जिल्हा