हरिपूरची वाट चालत जाऊ या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सांगलीत एकच प्रश्न ऐकू येतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे माझ्या सात वर्षांच्या नातवालाही पाठ आहे. 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं, आमच्या गावभागात घराघरांत शिरलं. ती भीती खोटी नाही. पण परवा तो मला म्हणाला, "आजी, नदी वाईट असते ना?" तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी त्याच्याएवढी असताना कृष्णामाई म्हणजे श्रावणी सोमवार. शाळा अर्धी सुटायची. आई दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा सट फडक्यात बांधून तयार असायची, आणि आम्ही सगळी भावंडं, चुलत्यांची पोरं धरून, हरिपूरच्या यात्रेला पायी निघायचो. रस्ता जेमतेम तासाभराचा, आम्हाला दोन तास लागायचे. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, रस्त्यावर सावलीची कमानच. पाऊस आला तर एका बुंध्याला टेकून उभं राहायचं, थांबला की पुढं. माघात याच झाडांच्या गाभुळलेल्या चिंचांसाठी आम्ही पुन्हा यायचो, पण ते घरी न सांगता.

वाटेत हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड अगदी लहान. आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आतली हवा मारते, म्हणून तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, असं वडील सांगायचे. आम्ही लांब उभं राहून त्या काळ्या भोकाकडं बघत बसायचो. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बहुतेक पेवं निकामी झाली. माणसांचं पेव फुटणं ही म्हण नातवाला समजावताना दाखवायला आता काही उरलेलं नाही.

संगमेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही घाटावर बसायचो. समोर कृष्णेला वारणा मिळते. बस, एवढंच बघायचं. पाणी उतरलेलं असलं तर नावेतून पलीकडं कोथळीला जायचं. नावाडी आधी काठाकाठानं नाव वर ओढत न्यायचा, मग प्रवाहात सोडायचा, आणि नाव तिरकी वाहत बरोबर पलीकडच्या उताराला लागायची. आज तिथं पूल आहे. पूल हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीतून दोन मिनिटांत नदी ओलांडताना ती दिसतच नाही. थंडीत तर मळीतली, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातली, ताजी वांगी घेऊन काठावरच चूल मांडायची. भाकरी घरून, वांगी तिथं. तशी चव घरच्या गॅसवर मला एकदाही साधलेली नाही.

आता लोक येतात, गाडी देवळापाशी लावतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात परत. चिंचेची कितीतरी झाडं गेली, आणि उन्हात तो रस्ता चालवत नाही. घाटावर प्लास्टिकच्या पिशव्या, सांडपाण्याचा वास. मुलांना तिथं बसवायचं तरी कसं, हे त्यांच्या आयांचं म्हणणं मला पटतं.

म्हणून दोन विनंत्या. या रस्त्यावर पुन्हा चिंचच लावावी, शोभेची झाडं नकोत. चिंचेला मोठं व्हायला वेळ लागतो, पण आम्हाला मिळालेली सावलीही आमच्या आधीच्यांनीच लावलेली होती. आणि घाटावर सांडपाणी येणार नाही, याची व्यवस्था आधी करावी, सुशोभीकरण मग.

यंदा पहिल्या श्रावणी सोमवारी दुपारी तीनला आमच्या गल्लीतली चार घरं मुलांना घेऊन गणपती मंदिरापासून हरिपूरला चालत निघणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. दशम्या जास्तीच्या करून आणते.

आपली,
एक वाचक,
गावभाग, सांगली