माळा उपसताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आपली इमारत पुनर्विकासाला जाणार, हे नक्की झालं. दिवाळीनंतर भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं आहे, म्हणून आठवडाभर मी माळा उपसते आहे. काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

बाबांची ट्रंक उघडली. ते गेल्यावर त्यांचे दोन स्वेटर आणि शाल धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवली होती. सहा वर्षं हात लावला नाही. गोळ्या केव्हाच उडून गेल्या, आणि कसर लागून स्वेटरची चाळण झाली. खूप रडू आलं गं. समोरच्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन थंडीत चादर गुंडाळून बसतो. त्याला तेव्हाच दिले असते तर सहा हिवाळे त्याच्या अंगावर राहिले असते. ट्रंकेच्या तळाला, वर्तमानपत्राखाली, पाचशेच्या चार जुन्या नोटा निघाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बाबांनी डबेसुद्धा उलटे करून पाहिले होते, आठवतं? एवढ्या राहूनच गेल्या.

तेव्हापासून ठरवलंय, जी वस्तू अजून कुणाच्या कामाची आहे ती आत्ताच द्यायची.

सिंथेटिक साड्या बोहारणीला दिल्या. एकेक साडी उलगडून ती उजेडात धरते, विरलेली बाजूला काढते. तासभर घासाघीस करून अकरा साड्यांवर स्टीलचं एक पातेलं मिळालं. तुला तोट्याचं वाटेल. पण तिच्याकडून त्या जुन्या बाजारात जातात आणि कुणीतरी नेसतं. आजीची सुती लुगडी मात्र गोधडीला दिली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच गोधडीला हवं.

तांब्याच्या बंबापाशी अडले होते. तांबट आळीत विचारलं, तर मोडीच्या भावाने घेतो म्हणाले. मामा म्हणतो, दिवाणखान्यात शोभेला ठेव. मला ते मुळीच पटत नाही. इतकी वर्षं घरादाराला आंघोळीचं पाणी देणाऱ्या बंबात प्लास्टिकची फुलं? गावी मावशीकडे अजून लाकडांवर पाणी तापतं, तिला हवाय. तिकडेच जाऊ दे.

विश्वकोशाचे खंड रद्दीवाला वजनावर मागत होता. आता सगळा विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो, तरी जवळच्या शाळेच्या ग्रंथालयाला ते हवे आहेत. जुने मोबाइल ई-कचऱ्यात वेगळे देणार आहे. त्यातल्या एकाची बॅटरी फुगली आहे, ते घरात ठेवायची भीती वाटते.

आता तुझी दोन खोकी. वह्यांचं तू सांगशील ते करते. पण कथकचे घुंगरू आहेत, पितळ अजून छान वाजतं, दोरी तेवढी कुजली आहे. तुला परत नाचायचं असेल तर नवी दोरी ओवून ठेवते. नसेल, तर आपल्या पोळ्यांच्या मावशींच्या मुलीने यंदा क्लास लावलाय, तिला देऊ का? खरं काय ते सांग, माझं मन राखायला ‘ठेव’ म्हणू नकोस.

शनिवारपर्यंत फोन कर. रविवारी टेम्पोवाला सामान बघायला येणार आहे.

तुझी,
आई